घोंगड्यातलं घड्याळ

“हौसाबाईनं सरकारांना घोंगड्यात घेतलं आणि...” एवढंच माझ्या कानावर पडलं आणि गिरणीवाल्यानं पट्टा चढवला. पुढचं सगळं घरघरीत गेलं. बायांचे ओठ तेवढे हलत होते. कुणी कपाळाला हात लावत होती, कुणी पदरात हसत होती.

‘आणि’ काय? हौसाबाई साठीची, सरकार पंचाहत्तरीचे! मला राहवेना. ज्वारीचा डबा रांगेत ठेवला आणि थेट तिचं घर गाठलं. आमची भिंतीला भिंत, तरी मला पत्ता नाही म्हणजे काय? ती भाकरी थापत होती. बस, सांगते, म्हणाली.

भानगड घड्याळाची होती. हौसाबाईचे सासरे बर्माच्या लढाईला गेले आणि मनगटावर फौजेचं घड्याळ घेऊन परत आले. काळी तबकडी, पिवळट आकडे, पाठीवर बाणाची खूण. म्हातारे गेले, पण दर खंडेनवमीला त्यांच्या पदकाशेजारी ते घड्याळ पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं, हा त्या घरचा नेम.

इकडे सर्जेराव सरकारांना नाद लढाईतल्या घड्याळांचा. बंगल्यात काचेच्या कपाटात चाळीस घड्याळं, वर रात्रंदिवस दिवे. पाठीवरची अक्षरं वाचून घड्याळाची जन्मकुंडली सांगतील. हौसाबाईचं घड्याळ त्यांनी दोन दिवस बघायला म्हणून नेलं आणि महिना झाला तरी त्यांच्या हातून ते सुटेना. मागाल ती किंमत देतो म्हणाले. हिनं नको म्हटलं. परवा खंडेनवमी, पाट रिकामा कसा ठेवू?

सरकार हट्टाला पेटले. घड्याळजीकडून त्यांनी सहा हुबेहूब नकला करून घेतल्या होत्या. त्यांत हिचं सातवं मिसळलं आणि लाल मखमलीवर ओळीनं मांडली. सगळी बंद, सगळ्यांना एकसारखा खाकी पट्टा. फटीत बसलेली हळदसुद्धा ब्रशानं काढून टाकली होती.

“तुमचं ओळखा आणि खुशाल घेऊन जा,” सरकार म्हणाले. “हात लावायचा नाही, उलटून बघायचं नाही. एकदाच बोट दाखवायचं. चुकलात तर ते माझ्या कपाटात राहील. ज्याला स्वतःचं घड्याळ ओळखता येत नाही, त्याच्या घरी ते हवं कशाला?”

हौसाबाईनं वाकून बघितलं. सात जुळी भावंडं! मग म्हणाली, डोळ्याला कमी दिसतं, अजून दिवे लावा. सरकारांनी हौसेनं टेबलावरचा मोठा दिवासुद्धा घड्याळांवर धरला. ती आपली बघत बसली. बराच वेळ झाला तसे सरकार मिशीत हसायला लागले.

“सरकार, हात लावायचा नाही. पण डोक्यावरून काही पांघरून बघितलं तर चालंल का?”

“पदर पांघरा, घोंगडं पांघरा, तंबू ठोका! ओळखलंत म्हणजे झालं.”

हिनं लगेच राखणदार म्हादूचं काळं जाड घोंगडं मागून घेतलं आणि स्वतःवर आणि मखमलीवर मिळून ओढलं. म्हादू तोंड उघडं टाकून बघत राहिला. सरकारांनी त्याला बाहेर घालवलं. आत दहा आकडे मोजावेत एवढाच वेळ गेला असेल.

“डावीकडनं तिसरं,” घोंगड्यातून आवाज आला.

सरकारांची मिशी खाली आली. अंदाजानं सांगितलंत, म्हणाले. कशावरून, ते सांगा.

“सांगून कळायचं नाही. आत या, दावते.”

आता सरकार घोंगड्यात शिरायचे कसे? पण घड्याळाचा नाद माणसाला कुठंही शिरवतो. शिरले. सहा घड्याळांचे आकडे काजव्यासारखे हिरवे चमकत होते. एकच मिट्ट काळं होतं.

“मामंजी लढाईवरनं आले तवा ह्ये बी असंच चमकायचं म्हणं,” हौसाबाई म्हणाली. “माझं लगीन होऊन आले तोवर पार इझलं होतं. आमचे मालक साखर कारखान्यात रातपाळीला असायचे. टाइम बघायचा तर काडी ओढायला लागायची. ज्यानं लढाई बघितली त्ये आता म्हातारं झालं, सरकार. ही सहा कालची पोरं हायत.”

घोंगडं हलायला लागलं. आत सरकार पोट धरून हसत होते. “तीस वर्षं दिव्याखाली बघत आलो! एकदाही दिवा मालवला नाही!”

“मग घोंगडं हायच की हितं,” ही म्हणाली. “कपाटातली बी बघून घ्या.”

मग कपाटातली चाळीसच्या चाळीस घड्याळं एकेक करून घोंगड्याखाली गेली. नऊ चमकली, म्हणजे नऊ नकली! सरकारांनी कपाळ बडवलं, पण हसू काही थांबेना. हिचं घड्याळ त्यांनी शिसवी पेटीत घालून स्वतः हातात दिलं, वर इरकली लुगडं दिलं. यापुढं घड्याळ विकत घ्यायचं ते हौसाबाईनं घोंगड्यात बघितल्याशिवाय नाही, असंही ठरलं.

पेटी माझ्यासमोरच होती. मी लगेच पदराखाली धरून बघितलं. मिट्ट काळं.

गिरणीवर परत आले तर बाया वाट बघत होत्या. म्हादूनं खिडकीतून चार पाय आणि हलणारं घोंगडं तेवढं बघितलं होतं. बाकीचं गावानं जुळवलं होतं, की हौसाबाईनं सरकारांना घोंगड्यात घेतलं आणि बडव बडव बडवलं.

“घेतलं, ते खरं,” मी म्हटलं. “बडवलं नाही.”

बायांचा जरा हिरमोडच झाला. म्हणून मी सांगितलं, “मार बसला, पण तो कपाटातल्या नऊ घड्याळांना.”