हौसाक्काचा हात

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवरखिंडीतला वड तेव्हा माणसाच्या उंचीचा होता आणि खिंडीपलीकडच्या माळावर लांडगे दिवसाढवळ्या फिरत. त्या गावात हौसाक्का नावाची एक सणगरीण राहायची. सणगर म्हणजे घोंगडी विणणारे. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, पण घरातला माग एक दिवस थांबला नाही. तिचं घोंगडं पांघरलं की पावसाचा थेंब अंगाला शिवत नाही, असं म्हणतात. तिची जीभही तशीच होती, वर पडलेलं काही आत मुरू न देणारी.

घोंगडीला चिंचोक्याची खळ लावावी लागते. थंडीत त्या खळीनं हात फुटतात, बोटांना भेगा पडतात. म्हणून दर हिवाळ्यात हौसाक्का मेण आणि तिळाचं तेल मंद आचेवर एकजीव करायची आणि मातीच्या बुडकुल्यात भरून मागाशेजारी ठेवायची. गावातल्या बायका टाचांना लावायला त्यातलं बोटभर न्यायच्या. एवढीच काय ती तिची ख्याती. कुत्र्यांशी तिचा काही संबंध नव्हता. खरं सांगायचं तर दारात कुत्रं आलं की ती हाकलायची, कारण लोकरीचा ढीग दिसला की कुत्रं त्यावर बसल्याशिवाय राहत नाही.

मग तो पौष आला. रांजणातल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा धरला. उभी ज्वारी हिवानं काळी पडली. बोरीवरून बोरं पडावीत तशी पाखरं पडत होती, असं म्हणतात.

त्या वेळी खिंडीपलीकडे मायाप्पा धनगराचा वाडा उतरला होता. धनगरांचा वाडा म्हणजे मेंढरांसकट माणसांचा मुक्काम. चारशे मेंढरं, चार बिऱ्हाडं आणि बारा कुत्री. त्या बारांच्या जिवावर चारशेंचा जीव. पण तो माळ वाईट होता. वर धारेचे दगड, मधेमधे खारवट जमीन, आणि त्यावर रोज सकाळी गोठलेलं दंव. कुत्र्यांचे तळवे फाटले. फाटलेल्यात खार शिरला. बोटांमधल्या केसांत चिखल आणि बर्फ मिळून गोटीसारखे गोळे झाले आणि पाऊल टेकवेना. आधी कुत्री लंगडली, मग बसली. लांडग्यांना ते कळायला दोन दिवस लागले नाहीत. आठ दिवसांत एकोणीस मेंढरं गेली.

बारा कुत्र्यांची म्होरकी होती रतनी, तांबूस रंगाची, रुंद छातीची. ती पुढं निघाली तरच बाकीची निघत. नवव्या दिवशी ती उठलीच नाही. तेव्हा मायाप्पानं तिला कोकरासारखं खांद्यावर घेतलं आणि खिंड चढून तो गावात आला.

तो टेकला तो हौसाक्काच्या ओट्यावर. भोवती चार माणसं जमली. एकानं बिब्बा तापवून तळव्यात भरायला सांगितलं. दुसऱ्यानं लोखंडाचा डाग द्यायला सांगितलं. बिब्ब्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि कुणीतरी तो आणायला निघालाही. आत माग चालवणारी हौसाक्का हे सगळं ऐकत होती. ती उठली आणि दारात आली.

"पायाला लावलेलं कुत्रं चाटतं का नाही?" तिनं विचारलं.

"चाटणारच की," बिब्बा आणायला निघालेला म्हणाला.

"मग आधी तू चाटून दाखव."

तो माणूस थांबला. हौसाक्कानं रतनीचा पंजा उचलून पाहिला. तळव्याच्या भेगांत पांढरा खार होता आणि खाली लाल मांस दिसत होतं. तिनं आपला हात शेजारी धरला. त्यालाही तशाच भेगा होत्या. हे दुखणं काय असतं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं एका कुत्र्याला आपणहून घरात घेतलं, आणि लोकरीच्या ढिगावर बसवलं.

तिनं पाणी कोमट केलं. मायाप्पा म्हणाला, चांगलं कढत घ्या आक्का, गारठलीय ती. तिनं ऐकलं नाही. गारठलेल्या पायाला कढत पाणी म्हणजे दुसरा घाव, हे तिला स्वतःच्या बोटांनी शिकवलं होतं. खार निघेपर्यंत तिनं चारी पाय पाण्यात धरले. बोटांमधले गोळे विरघळू दिले, ओढून काढले नाहीत. मग तिथले वाढलेले केस कातरीनं कापले, प्रत्येक बोटाची बेचकी कोरडी केली आणि मेणातेलाचं मलम भेगांत हळूहळू चोळलं. रतनीनं दोनदा दात दाखवले. तिसऱ्यांदा मात्र तिनं आपली मान हौसाक्काच्या मांडीवर टाकली.

चार दिवसांत भेगा मिटू लागल्या. तेवढ्यात मायाप्पानं बाकीची अकरा कुत्रीही एकेक करून आणली, त्यांचेही पाय तसेच धुऊन मलम लागलं, आणि तोवर मेंढरं काट्यांच्या कुंपणात कोंडून ठेवली. पण माळ तसाच होता. परत गेली की पाय पुन्हा फाटणार. हौसाक्कानं जुन्या घोंगडीचे तुकडे कापून मोजे शिवले आणि रतनीच्या पायांत चढवले. रतनीनं ते दातांनी ओढून फेकले. पुन्हा चढवले, पुन्हा फेकले. जाडंभरडं घोंगडं नव्या कातडीला टोचत होतं आणि मिटलेल्या भेगा परत उघडल्या.

मऊ लोकर घरात एकच होती. कोकराची पहिली कातरण, तिला जावळ म्हणतात, तिचं घोंगडं हौसाक्का चार महिने विणत होती. माघातल्या पुनवेला ते गावदेव बिरोबाच्या अंगावर पडायचं होतं. साऱ्या गावाचा मान होता तो. हौसाक्कानं दिवसभर ते मांडीवर घेऊन नुसतं बसून काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं कातर घेतली.

बातमी पाटलापर्यंत गेली. पाटील स्वतः आला. त्यानं आवाज चढवला नाही. देवाचं घोंगडं कुत्र्याच्या पायात घातलंस तर गाव तुला पाणी भरू देणार नाही, असं त्यानं शांतपणे सांगितलं. हौसाक्काला भीती वाटली नाही असं नाही. एकट्या बाईला पाणवठा बंद झाला तर तिनं जावं कुठं? पण तिचा हात थांबला नाही.

"पाटील," ती म्हणाली, "देव बसून आहे. चालायचं या मुक्या जनावरांना आहे. देवाला राग आला तर तो मला सांगेल."

बारा कुत्र्यांचे अठ्ठेचाळीस मोजे तिनं पाच दिवसांत शिवले. आतून जावळ, बाहेरून जाडं घोंगडं, त्यावर ओल आत येऊ नये म्हणून मेणाचा हात. बांधायला मऊ दोरा, तोही एक बोट जाईल इतका सैल. रतनीनं या वेळी मोजे हुंगले, दोन पावलं उंच उचलून टाकली, मायाप्पाच्या भोवती एक फेरी मारली आणि दारात जाऊन उभी राहिली. मायाप्पानं डोक्याचं पागोटं काढून हौसाक्काच्या पायाशी ठेवलं. ती म्हणाली, पागोटं उचल, आणि सांजच्याला मोजे सोडून पाय कोरडे करायला विसरू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर धुकं होतं. लांडग्यांची टोळी उतारावर येऊन बसली होती. आजवर दगडांवर कुत्र्यांच्या नखांचा आवाज झाला की लांडगे सावध व्हायचे. त्या सकाळी आवाजच झाला नाही. धुक्यातून एकदम बारा कुत्री उभी राहिली, आणि लांडग्यांना ती बाराशे दिसली, असं म्हणतात. टोळी पळाली ती तीन खिंडी ओलांडून थांबली. त्या हिवाळ्यात विसावं मेंढरू गेलं नाही.

माघी पुनव आली. हौसाक्का देवळात रिकाम्या हातानं गेली. सारं गाव तिच्याकडे बघत होतं. पुजाऱ्यानं गाभारा उघडला, तर बिरोबाच्या दगडी पायांवर तेलाचा ओलसर हात फिरलेला होता आणि मेणाचा वास सुटला होता. पाटलानं ते पाहिलं. मग बाहेर येऊन त्यानं हौसाक्काची घागर स्वतः भरून तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

पुढं तिचं नाव दूरवर गेलं. घाटाखालून, नदीपलीकडून धनगर कुत्री घेऊन यायचे. काही कुत्री तर एकटीच यायची आणि ओट्यावर रांगेनं बसायची. एका हिवाळ्यात त्या रांगेच्या शेवटी एक म्हातारी लांडगीण येऊन बसली आणि एकही कुत्रं भुंकलं नाही, असं म्हणतात. हौसाक्कानं तिलाही तिची पाळी येईपर्यंत थांबवलं.

खूप म्हातारी होऊन एका पौषातच ती गेली. सकाळी तिला न्यायला निघाले तेव्हा माळ दंवानं पांढरा झाला होता आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना कुत्री बसली होती, खिंडीपासून मसणवट्याच्या ओढ्यापर्यंत. तिच्या दारापासून ओढ्यापर्यंतच्या वाटेवर मात्र दंवाचा कण नव्हता. अनवाणी चाललेल्या माणसांना ती वाट चुलीजवळच्या जमिनीसारखी उबदार लागली.

अजूनही हिवरखिंडीत पौष लागला की घरोघर मेण आणि तिळाचं तेल चुलीवर चढतं. पहिलं बोट माणसाच्या टाचेला लावत नाहीत. आधी दारच्या कुत्र्याचे पाय कोमट पाण्यानं धुतात, बेचक्या पुसतात, आणि पंजा हातात घेताना म्हणतात, "हौसाक्का, हात तुझा." ज्याच्या घरी कुत्रं नाही, तो शेजारच्याच्या कुत्र्याचा एक पाय मागून घेतो.

आणि कुणी नवखा माणूस थंडीच्या दिवसांत त्या गावच्या ओट्यावर टेकला, तर गावचं कुत्रं येऊन त्याच्यासमोर बसतं आणि पंजा पुढं करतं. नवख्याला वाटतं, याला कुणीतरी शिकवलंय. गावातली माणसं आतून मलमाची वाटी आणून त्याच्या हातात देतात.