ज्या परिच्छेदावर प्रश्न नव्हता

एकदा एका तालुक्याच्या गावी, खाडीच्या अंगाला, इंग्रजीचे एक निवृत्त शिक्षक राहत असत आणि त्यांच्या ओसरीवर सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसणारी मुलेमुली अभ्यासाला जमत असत. त्या मुलांत मीही होतो, म्हणून या गोष्टीतली माणसे मला नावानिशी ठाऊक आहेत. शिक्षकांचे आडनाव गुप्ते. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे काकू म्हणत असू.

ती ओसरी अजून डोळ्यांपुढे येते. खाडीवरचा खारा वारा सुटला की गाइडांची पाने फडफडू लागत, म्हणून प्रत्येकाने आपापला एक दगड आणून ठेवला होता. शब्दकोश एकच, तोही कापडी पाठीचा, आणि तो हातात येण्यासाठी भांडणे होत. नोकरी आमच्यातल्या कुणालाच नव्हती, पण ती मिळणार याविषयी मात्र कुणालाच शंका नव्हती. इतक्या निर्धास्तपणे मी पुन्हा कधी जगलो नाही, आणि त्या दिवसांची आठवण झाली की अजून गलबलून येते.

निर्धास्त नव्हती ती एकटी हेमलता घरत. बाकीच्या विषयांत ती आम्हा सर्वांच्या पुढे होती; इंग्रजीने तिला दोनदा घरी पाठवले होते. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. घरी भावाने सांगून ठेवले होते, ‘या खेपेला झालं तर झालं, नाहीतर पुस्तकं बांधून माळ्यावर टाक.’ तेव्हापासून ती सर्वांत आधी ओसरीवर येऊन बसे.

आता आमची अभ्यासाची रीत सांगतो. क्लासवाल्यांनी आम्हाला एक युक्ती शिकवली होती. इंग्रजीच्या पेपरातला उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न वाचायचा, त्यातल्या ठळक शब्दाखाली रेघ मारायची, तोच शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि आजूबाजूला जे काही असेल त्याच्याशी जुळणारा पर्याय निवडायचा. वेळ वाचतो म्हणे. या युक्तीत आम्ही इतके तरबेज झालो होतो की उताऱ्यात माणूस आहे की मासा, हे ठाऊक नसताना आमची निम्मी उत्तरे बरोबर येत. निम्मीच येत, याकडे मात्र कुणी फारसे लक्ष देत नसे.

एके दिवशी हेमलताने सोडवलेला उतारा सरांनी हातात घेतला. पाचपैकी तीन उत्तरे बरोबर होती. सर उठले, आतून कात्री घेऊन आले आणि उताऱ्याखालचे सगळे प्रश्न त्यांनी सरळ कापून टाकले. वरचा कागद तेवढा तिच्या हातात दिला.

‘आत जा, आणि यात काय आहे ते काकूंना सांग.’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. काकूंना इंग्रजीचा गंध नव्हता. त्या माजघराच्या उंबऱ्याशी वाल सोलत बसल्या होत्या. हेमलता जागची हलली नाही. तिचा आवाज एकदम चढला.

‘सर, माझं हे शेवटचं वर्ष आहे. मला गोष्टी सांगायला नाही शिकायचं. मला मार्क हवेत.’

‘ठाऊक आहे मला,’ सर म्हणाले. ‘जा.’

ती गेली. सरांना उलट बोलण्याची आमच्यात रीत नव्हती, आणि जेवढे बोलली तेवढ्यानेच ती शरमली होती. ओसरीवरून आम्हाला सगळे ऐकू येत होते.

‘काकू, एक पाववाला असतो. युद्धाचे दिवस असतात, पीठ मिळत नसतं. तरी तो रोज पहाटे एक पाव खिडकीच्या कट्ट्यावर ठेवतो. शेजारी त्याला हसतात. तो उदार असतो.’

‘बरं. मग?’

‘मग काही नाही. एवढंच.’

‘अगं, एवढंच कसं? तो पाव न्यायचं कोण?’

‘कोणीतरी गरीब असेल.’

‘असेल म्हणजे? लिहिलं नाहीये का त्यात?’

‘त्याच्यावर प्रश्न नव्हता, काकू.’

काकू मनापासून हसल्या. ‘मग मी विचारतेय ना! जा, बघून ये.’

हेमलता कागद घेऊन दारात उभी राहिली. उताऱ्याला चार परिच्छेद होते. पहिल्या तिन्हींत तिच्या पेन्सिलीच्या रेघाच रेघा होत्या. चौथा कोरा होता. हा उतारा आमच्या सर्वांच्या गाइडात होता, तिने तो पूर्वीही सोडवला होता, मीही सोडवला होता, आणि तो चौथा परिच्छेद आमच्यातल्या एकानेही वाचलेला नव्हता. तिने तो वाचायला घेतला. मध्येच एका शब्दासाठी शब्दकोश मागितला, आणि त्या दिवशी कुणी भांडले नाही.

ती परत आत गेली तेव्हा सावकाश बोलू लागली.

‘काकू, एका पहाटे बर्फ पडलेला असतो. पाव नेणाऱ्याची पावलं बर्फात उमटलेली असतात. पाववाला ती बघत बघत जातो. पावलं त्याच्याच घरामागे, गवताच्या कोठारात गेलेली असतात. आत त्याचा मुलगा असतो. लढाईतून पळून आलेला. बापाला तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून तिथे लपलेला.’

‘अगं बाई. मग बाप काय करतो?’

‘झाडू घेतो आणि कोठारापासून खिडकीपर्यंतची पावलं पुसून टाकतो. शोधायला येणाऱ्या शिपायांना दिसू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी खिडकीत पुन्हा पाव ठेवतो.’

काकूंचे हात वालांच्या पाण्यात तसेच राहिले. त्यांनी विचारले, ‘त्याला आधीपासून ठाऊक असेल का गं, पाव कोण नेतं ते?’

‘ते लिहिलेलं नाही, काकू.’ हेमलताने पुन्हा कागदाकडे पाहिले. ‘पण मला वाटतं, ठाऊक होतं. नाहीतर इतके दिवस कशाला ठेवला असता? आणि मी त्याला नुसतं उदार म्हणून मोकळी झाले.’

तिला रडू येत होते. ते पाववाल्यासाठी होते की स्वतःसाठी, हे तिलाही सांगता आले नसते. ती बाहेर येऊन बसल्यावर सर बोलले, आणि ते सगळ्यांसाठी बोलले.

‘तुम्ही उतारा वाचत नाही, त्याची झडती घेता. झडती घेणाऱ्याला तो जे शोधायला आलाय तेवढंच दिसतं. ज्याने हे लिहिलं, त्याला तुमची परीक्षा ठाऊक नव्हती. त्याला एका बापाविषयी काही सांगायचं होतं. ते आधी ऐकून घ्यावं. प्रश्न मागाहून येतात आणि ते कुणी तिसराच विचारतो. तुम्ही ऐकलेलं असेल तर त्यालाही उत्तर देता येतं. व्याकरणाचंही तसंच. नियम पाठ करा, मी नको म्हणत नाही. पण कोण कुणाला काय सांगतोय ते कळल्याशिवाय नियम लावायचा कशाला?’

त्यानंतर परीक्षेपर्यंत हेमलताचे प्रश्न रोज कात्रीने कापले गेले. काही दिवसांनी सर ते तिला परत देत आणि ती ते सोडवी. सुरुवातीला वेळ पुरेना. आमच्यातले काही जण खासगीत म्हणाले, सर आता थकले, बिचारीचं वर्ष घालवणार. काकू मात्र वाल निवडत, कधी भाजी चिरत रोज विचारीत, ‘आज कोण आलंय तुझ्या उताऱ्यात?’

परीक्षेच्या दालनात काय झाले ते तिने आम्हाला नंतर सांगितले. उतारा लांबलचक होता. शेजारच्या मुलाची पेन्सिल केव्हाच प्रश्नांवर फिरू लागली होती. तिचे डोळे सारखे खाली धावत होते, म्हणून तिने हॉलतिकिटाने प्रश्न झाकले. भावाचे शब्द आठवत होते. तरी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली आणि मगच तिने हॉलतिकीट बाजूला केले.

निकाल पावसाळा संपता संपता लागला. हेमलताची निवड झाली होती. भाऊ स्वतः पेढे घेऊन तिच्याबरोबर ओसरीवर आला. तो सरांच्या पाया पडला आणि अवघडून भिंतीला टेकून उभा राहिला. आम्हा बाकीच्यांत आनंद होता, थोडा मत्सरही होता, खोटे कशाला सांगू. काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी तिला जवळ घेतले आणि लगेच विचारले, ‘आधी सांग, परीक्षेत उतारा कशावर आला होता?’

हेमलता तिथेच मांडी घालून बसली. मधे कितीतरी महिने गेले होते, पण तिला सगळे आठवत होते. एका बेटावर एक नर्स असते. फार कडक, कुणाला न आवडणारी. रात्रीबेरात्री होडीतून एकटी दारोदार जाणारी. धुके दाटले की ती घंटा वाजवते, आणि लोक उशी कानावर घेऊन तिला शिव्या देतात. काकू ऐकत होत्या, भाऊही भिंत सोडून पुढे सरकला होता.

सरांनी मध्येच विचारले, ‘आणि प्रश्न काय होते?’

हेमलताने तोंड उघडले. आठवून पाहिले. मग तिला हसू आले.

‘एकही आठवत नाही, सर.’

‘मग राहू दे,’ सर म्हणाले. ‘त्या घंटेचं पुढे काय झालं ते सांग.’