सात्त्विक रसाची पाठुंगळी

"मातीनं घट्ट धरलेलं विष आमच्या विहिरीत उतरलंच कसं?" ताई त्या विषानं मेल्यापासून धाकटा बेडूक ज्याला त्याला विचारत होता.  एके दिवशी फुशारकीच ऐकू आली.

काठावरच्या कुजक्या पाल्याचा तांबूस रस झिरपत येऊन म्हणाला, "माती बिचाऱ्या विषाला सोडेना हो! मीच त्याला पाठुंगळी घेऊन आलो. मी स्वतः मात्र अगदी सात्त्विक. उद्या आणखी आणतो."

"वा, महाराज! चोर खांद्यावरून घरात आणलात आणि सोवळं तेवढं जपलंत!" धाकटा म्हणाला.

ताईची पिल्लं अजून त्याच पाण्यात होती. धाकट्यानं एकेकाला कातळावरच्या स्वच्छ डबक्यात नेलं. शेवटचं सोडताना विषानं त्याचे पाय लुळे पडले होते, तरी डबक्यात पडलेलं एक वाळकं पान त्यानं कुजायच्या आत डोक्यानं ढकलत बाहेर काढलं.