शेठांची मान

आमच्या सोसायटीखाली खानोलकरशेठांचा बार. गाणी लागली की तिसऱ्या मजल्यावर फळीवरची भांडी नाचायची. तक्रार केली की शेठ म्हणायचे, "आवाज नियमातच आहे. आत बसून निवांत गप्पा मारता येतात!"

एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या कुंदाताई, रेडकर फौजदारांनाच घेऊन बारमध्ये शिरल्या. काय विचारणार, ते त्यांना बाहेरच सांगून ठेवलं होतं. शेठसमोर उभं राहून साध्या आवाजात म्हणाल्या, "शेठ, उद्यापासून गाणी बंद ना?"

गिऱ्हाईक काहीही बोललं की हसून मान डोलवायची, ही शेठांची सवय. त्यांनी डोलवली.

फौजदारांनी गाणं थांबवलं. "कबूल केलंत, बरं झालं."

"कसलं कबूल? मला काही ऐकूच आलं नाही!"

कुंदाताई हसल्या. "ऐकू आलं असेल, तर शब्द पाळा. नसेल, तर निवांत गप्पा कुणाशी मारता, ते साहेबांना सांगा!"