कवितेची शाल

हरणगडच्या महाराजांनी दसऱ्याला काव्याची स्पर्धा ठेवली आणि कवितेवर कुणी नाव घालायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. भर दरबारात कारभारी एकेक कविता वाचत गेले. लढाईवर गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईची कविता आली, तेव्हा राजपंडित त्र्यंबकशास्त्री उपरण्यानं डोळे टिपू लागले. मानाची शाल त्याच कवितेला ठरली. कवीला पुढे बोलावलं, तर बोटं निळीनं रंगलेली सगुणा रंगारीण उठून उभी राहिली.

शास्त्रीबुवांचा चेहराच पालटला. "थांबा महाराज! हिला नवऱ्यानं टाकलंय. पोटी मूल नाही, डोक्यावर गुरूचा हात नाही. कवीचं चरित्र पाहिल्याशिवाय काव्याची पारख होत नसते. ही शाल हिला देता यायची नाही."

दरबारात कुजबुज सुरू झाली. सगुणेची कानशिलं तापली, पण तिनं मान खाली घातली नाही.

"शास्त्रीबुवा, आपण म्हणालात ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "पण मघाशी आपण रडलात, ते कुणाचं चरित्र ऐकून?"

शास्त्रीबुवा अडखळले. "ते... ते काव्य ऐकून."

"मग शाल त्या काव्यालाच द्या. त्याला खांदे नाहीत, म्हणून मी पांघरते."

महाराज खळखळून हसले आणि त्यांनी शाल शास्त्रीबुवांच्याच हाती दिली. बुवांनी ती मुकाट्यानं सगुणेच्या खांद्यावर घातली. सगुणा रंगारआळीत शिरली, तेव्हा तिला पाहायला सगळी आळी ओट्यांवर उभी होती.