सूचनापेटी

उद्यानात मोठ्या मुलांसाठी काय हवं, हे रहिवाशांना विचारायला नगरसेवक दिनकररावांनी फाटकावर पत्र्याची सूचनापेटी टांगली. ढवळेबाईंना पहिल्या दिवसापासूनच त्या पेटीचा संशय. त्यांनी आपल्या चिठ्ठीला दोऱ्याने कपाटाची किल्ली बांधली आणि ती आत सोडली.

आठवड्याने फाटकापाशीच सभा भरली. दिनकरराव म्हणाले, "एकूण एक चिठ्ठी मी स्वतः वाचली. सगळ्यांना कारंजंच हवंय."

"मग माझी किल्लीही मिळाली असेल," बाई म्हणाल्या. "चिठ्ठीला बांधली होती."

"मिळाली की. ऑफिसात जपून ठेवलीय."

बाईंनी उठून पेटी हलवली. आत किल्ली खणखणली.

"तुमच्या ऑफिसातून ती चालत परत आली वाटतं," बाई म्हणाल्या. "आता कुलूप काढा. पोरांसाठी लोकांनी काय लिहिलंय, ते इथेच मोठ्याने वाचू."