चाळीस दिवसांचा उशीर

एकदा एक वृद्ध शिक्षक एका आजारी मुलासाठी वैद्य आणायला निघाले आणि वाटेत नदीकाठी गळ टाकून बसले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, चांगले चाळीस दिवस बसले. त्यांना निष्ठुर म्हणण्याआधी वाचकांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की ती नदी, ते मूल आणि तो ताप ही तिन्ही संगणकाच्या पडद्यावरची होती, आणि त्यांच्याच एका शिष्येने ती पाच वर्षे खपून निर्माण केली होती.

या शिक्षकांचा पूर्वी तालुक्याच्या गावी संगणकाचा वर्ग होता, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. चार यंत्रे. चपला जिन्याखाली काढायच्या, पायपोसावर पाय पुसायचे आणि मगच आत यायचे, असा दंडक. यंत्रांवर जुन्या पातळांचे शिवलेले अभ्रे असत आणि ते काढून घडी घालण्याचा मान ज्याला मिळे तो दिवसभर ऐटीत असे. खाली गिरणी सुरू झाली की माडीची फळी न् फळी थरथरे, आणि घरी जाणाऱ्या मुलांच्या केसांवर पिठाची पुसट पांढरी भुकटी दिसे. अर्ध्या तासाच्या वर्गातली शेवटची दहा मिनिटे खेळाची. तो खेळ शिक्षकांनी स्वतःच मराठीत रचलेला होता. एक गाव, अकरा माणसे, एक नदी आणि पलीकडे एक दैत्य. चित्रे अशी, की म्हैस कोणती आणि देऊळ कोणते हे शेपटीवरून ओळखावे लागे. तरीही त्या दहा मिनिटांसाठी मुले आधीची वीस मिनिटे निमूट सोसत.

त्या मुलांतली एक आता अठ्ठावीस वर्षांची झाली होती. शहरात दोन मित्रांसोबत तिने एक अद्भुत जगाचा खेळ रचला होता. तीन महिन्यांपूर्वी तिचे लग्न झाले होते, आणि तिच्या कामाविषयी सासरची मंडळी 'कॉम्प्युटरवर काहीतरी' इथवर येऊन थांबली होती. येत्या शुक्रवारी एक व्यापारी तो खेळ पाहायला येणार होता. त्याने पत्करला तर खेळ बाजारात जाणार. नाही तर महिनाअखेर त्यांच्या कार्यशाळेला कुलूप, आणि तिघांनी तीन दिशांना नोकऱ्या शोधायच्या.

पण तिची खरी चिंता निराळीच होती. तिने तीस जणांना खेळ पारखायला दिला होता. तिसांच्या तिसांनी 'छान आहे' म्हणून सांगितले आणि तिसऱ्या दिवसानंतर एकानेही तो उघडला नाही. नव्या सुनेने केलेल्या भाजीला पाहुणे ज्या स्वरात 'छान' म्हणतात, तो स्वर तिच्या अलीकडे चांगलाच ओळखीचा झाला होता. चुकतेय काहीतरी, पण काय, ते सापडेना. म्हणून सोमवारी ती संगणक काखोटीला मारून आपल्या जुन्या शिक्षकांच्या घरी आली.

"सात राज्यं आहेत, सर," ती म्हणाली. "घोडे आहेत, जादूगार आहेत. तीनशे बारा तलवारी आहेत."

"तीनशे बारा." वृद्धांनी चष्मा पुसला. "आणि खेळणाऱ्याला हात किती?"

"दोनच."

"बरं," ते म्हणाले आणि खेळायला बसले.

पहिल्याच गावात, पहिल्याच घराच्या दारात रुक्मा नावाची बाई उभी होती. खांद्यावर तीनेक वर्षांचे पोर, डोळ्यांत पाणी. ते पाणी काढायला शिष्येला दोन आठवडे लागले होते. रुक्मा म्हणाली, "दादा, पोर तापलंय. पलीकडच्या गावातून वैद्याला घेऊन या. उशीर करू नका, पाया पडते तुमच्या."

वृद्धांनी ते दोनदा वाचले. मग खेळातल्या गावातून ते चालू लागले, नदीवर गेले, आणि शिष्येने निव्वळ विरंगुळा म्हणून ठेवलेला गळ उचलून पाण्यात टाकून बसले.

"सर, वैद्य पूर्वेला राहतो."

"असू दे."

"वर बाण दिसतोय बघा, रस्ता दाखवणारा."

"दिसतोय की."

खेळातला एक दिवस सहा मिनिटांचा. ऊन चढे, उतरे, पुन्हा चढे. वृद्ध मासे धरत राहिले. दोन तासांनी त्यांनी यंत्र मिटले आणि 'उद्या ये' म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. चहा घेऊन आलेल्या काकूंनी नवऱ्याच्या खांद्यावरून डोकावून पाहिले.

"कालच्या त्या बाईचं पोर बरं झालं का हो?"

"अजून वैद्याकडे गेलो नाही."

"आणि मासे धरताय?" काकूंनी शिष्येकडे कप सरकवला. "याला काही इलाज नाही बघ. दूध आणायला पाठवलं तरी हेच करतात हे."

चाळिसावा दिवस मावळल्यावर वृद्ध गळ ठेवून उठले आणि रुक्माच्या दारी गेले. रुक्मा उभी होती. खांद्यावर पोर, डोळ्यांत पाणी. "दादा, पोर तापलंय," ती म्हणाली. "पलीकडच्या गावातून वैद्याला घेऊन या. उशीर करू नका, पाया पडते तुमच्या."

वृद्धांनी संगणक बंद केला. परसातल्या नळावर जाऊन त्यांनी साबण लावून हात धुतले, माशांचा वास लागल्यासारखे.

आता मात्र शिष्येचा धीर सुटला. "सर, शुक्रवारी माणूस येणार आहे. तुम्ही पहिल्या गावाची वेससुद्धा ओलांडली नाहीत. पुढे किती काय काय आहे."

"पोराचा ताप उतरला का गं?"

"कसा उतरेल? तुम्ही वैद्य आणलाच नाहीत."

"मग वाढला?"

"नाही."

"चाळीस दिवस तेवढाच ताप? आईसुद्धा त्याच जागी, त्याच वाक्यावर?"

शिष्येने मान खाली घातली. आधी तसे नव्हते, ती सांगू लागली. पहिल्या आराखड्यात उशीर केला तर परिणाम होत असे. पण तो आराखडा पारखणाऱ्यांपैकी एक जण भयंकर चिडला. म्हणे, मी घोडा निवडत होतो, तेवढ्यात तुम्ही हे असे कसे केले? व्यापाऱ्यानेही फोनवर बजावले होते, की गिऱ्हाइकाचे काही म्हणता काही हुकता कामा नये. म्हणून तिघांनी मिळून सगळे दुरुस्त केले. आता त्या जगात सगळे जण थांबतात. कधीही जा, कुणाचे काही अडत नाही.

वृद्ध ओसरीवर टेकले. "माझ्या खेळातला दैत्य कसा मरायचा, आठवतं?"

तिने पुष्कळ आठवून पाहिले. तलवार होती की मंत्र होता? काही केल्या आठवेना.

"मग काय आठवतं?"

याला मात्र तिला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "गाठोडंवाली म्हातारी," ती म्हणाली.

त्या खेळात एका म्हातारीला नदीपलीकडे लेकीकडे जायचे असे. 'दिवस मावळायच्या आत ये पोरी, नावेपर्यंत हात धर,' असे ती म्हणे. दहा वर्षांची शिष्या तेव्हा रानात मधाची पोळी गोळा करण्यात रंगली होती. काठावर पोचली तोवर नाव निघून गेली होती आणि म्हातारी गाठोड्यावर बसली होती. 'असू दे,' म्हातारी म्हणाली. 'तुला काम असेल.' एवढेच. शिष्या माडीवरून उतरली, जिन्याखालच्या चपला उलटसुलट पायांत घातल्या आणि रडत घरी गेली. आई विचारत राहिली, कुणी मारले, कोण काय बोलले. कोणत्या नदीच्या कुठल्या काठावर कोण बसून राहिले आहे, हे आईला सांगायचे तरी कसे? अठरा वर्षे झाली. गिरणी बंद पडली, माडीवर आता कपड्यांचे दुकान आहे. म्हातारी अजून तशीच गाठोड्यावर बसलेली तिला दिसते.

"ती म्हातारी म्हणजे अवघ्या सात ओळी होत्या," वृद्ध म्हणाले. "आठवी लिहायला यंत्रात जागा नव्हती. चेहरासुद्धा धड नव्हता तिला. पण ती तुझी वाट बघत होती, आणि तू आली नाहीस हे तिला कळलं. तुझ्या रुक्माच्या डोळ्यांतलं पाणी फार सुरेख आहे गं. पण मी गेलो तरी तेवढंच, नाही गेलो तरी तेवढंच. माझ्या न येण्यानं जिथं कुणाचं काही बिघडत नाही, तिथं माझ्या येण्याचं कुणाला काय? अशा घरात पाहुणा किती वेळ बसेल? तलवारी हातात घेऊन बघेल, छान आहे म्हणेल आणि उठेल. आपल्याला वाटतं, लोकांना जिंकायचं असतं म्हणून ते खेळतात. तसे खेळतातही. पण परत येतात ते आपण आलो हे तिथल्या कुणाला तरी कळतं म्हणून."

शिष्येने विचारले, "आणि व्यापाऱ्याला हे पटलं नाही तर?"

"तर नाही पटणार. त्याची हमी मी कशी देऊ? माझा खेळ कुणी फुकटसुद्धा नेला नाही."

पुढचे तीन दिवस तिने सातही राज्यांकडे ढुंकून पाहिले नाही. ती फक्त रुक्माच्या दारात बसून होती.

शुक्रवारी दुपारी व्यापारी आला. खेळण्यांच्या धंद्यात केस पांढरे झालेला, अघळपघळ, बोलका माणूस. 'दाखवा ताई, तुमचं साम्राज्य,' म्हणत तो खुर्चीत बसला. रुक्माने त्याला दादा म्हटले, पोर तापल्याचे सांगितले. 'आलोच हं,' असे पडद्याला सांगून तो पूर्वेकडे निघाला आणि वाटेतल्या बाजारात शिरला. तिथे तलवारी मांडल्या होत्या. त्याने एकेक उचलून पाहिली, मुठी निरखल्या, एक घेऊन दुसरी परत केली. शिष्या शेजारी हात घट्ट धरून उभी होती. बाजारातून निघून तो वैद्याला घेऊन परतला, तेव्हा सात दिवस उलटले होते.

रुक्माच्या दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "गाडी जुंपून तीच घेऊन गेली पोराला. दोन दिवस दारात उभी होती, कुणाची तरी वाट बघत."

व्यापारी तिथेच थांबला. दोन दिवसांनी रुक्मा परतली. पोर वाळले होते, पण अंगणात उतरून खेळू लागले. रुक्माने आतून तांब्या आणला.

"घ्या पाहुणे, पाणी घ्या," ती म्हणाली. "कुठल्या गावचे आपण?"

व्यापाऱ्याचा हात थांबला. "मघाशी ही मला दादा म्हणाली होती."

"हो," शिष्या म्हणाली.

"पोर तर बरं झालं की."

"झालं."

"मग राग कसला धरलाय?"

"राग नाहीये तिला."

त्याने पडद्याकडे पुन्हा पाहिले. खरेच, रुक्माच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वाटसरूला द्यावे तसे तिने पाणी दिले होते.

"मी तलवारी बघत होतो," तो म्हणाला. "तुम्हीच मांडल्यात ना त्या?"

"आम्हीच मांडल्यात."

"मागं जाता येत नाही का?"

येत होते. एक कळ दाबली की सोमवारचा, सगळे जण थांबतात तो आराखडा उघडला असता, आणि त्यातल्या रुक्माने जगाच्या अंतापर्यंत त्याला दादा म्हटले असते. शिष्येचे बोट त्या कळीपासून वीतभरही दूर नव्हते. तिला महिनाअखेर दिसली, मित्रांचे चेहरे दिसले.

"नाही," ती म्हणाली.

व्यापारी पुन्हा पडद्याकडे वळला. दोघा मित्रांना कसे सांगायचे, याचे शब्द ती मनात जुळवू लागली. एवढ्यात तिला दिसले, की व्यापाऱ्याने गावाबाहेर जाऊन कुऱ्हाड उचलली आहे. कुणी सांगितले नव्हते, वर बाण नव्हता. त्याने लाकडे तोडली, भारा बांधला, आणून रुक्माच्या अंगणात टाकला आणि उभा राहिला. रुक्मा अंगण झाडत होती. ती झाडतच राहिली.

"आता?" त्याने विचारले.

"त्याला उत्तर लिहिलेलं नाही," शिष्या ओशाळून म्हणाली. "असं कुणी करेल हे आमच्या मनातच आलं नव्हतं."

त्याने मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि खुर्ची मागे सरकवून तिला जागा करून दिली.

"मग लिहा. मी थांबतो."

ती बसली. अशा जागी खेळणाऱ्याला काय बक्षीस द्यायचे, एवढाच विचार तिने पाच वर्षे केला होता. आज प्रथमच तिने दोन दिवस तापलेले पोर घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईचा विचार केला. आभार त्या तोंडून निघाले नसते. टोमणाही नाही. तिने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. मग एक छोटीशी ओळ लिहिली आणि यंत्र व्यापाऱ्यापुढे सरकवले.

रुक्माचा केरसुणीचा हात थांबला. तिने भाऱ्याकडे पाहिले.

"तिथं कडेला ठेवा," ती म्हणाली. "ओली नाहीत ना?"

व्यापाऱ्याने ते वाचले.

"नाहीत," तो पडद्याला म्हणाला. "वाळकी बघूनच आणलीत."